झाकून ठेवलेली गाडी

इंदूकाकूंच्या छातीत हृदयाच्या जागी बसवलेला पंप आता घरघरायला लागला होता, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पण खोतकाका बिनघोर होते, कारण अगदी तसाच पंप त्या कंपनीच्या जुन्या गाडीतही असायचा आणि तशी एक गाडी त्यांनी दारात कव्हर घालून जपली होती! दर दसऱ्याला ती धुवायची, झेंडूचा हार घालायचा, पण चालू मात्र करायची नाही. पंप झिजला तर?

दस्तगीर मिस्त्रीनं बॉनेट उघडून पंप काढला आणि बोटानं फिरवून पाहिला. तो फिरेचना.

"काका, शेवटची कधी चालू केलेली?"

"दारात लावल्यापासून एकदाही नाही!" काका अभिमानानं म्हणाले. "नवाकोरा आहे की नाही?"

"आतलं रबर चिकटून दगड झालंय, काका. अधनंमधनं नुसती फिरवून आणली असती ना, तरी..." मिस्त्रीनं पंप काकांच्या हातात ठेवला.

पायरीवर बसलेल्या काकूंनी सगळं ऐकलं होतं.

"अहो, मी म्हणत नव्हते?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "एकदा तरी मला हिच्यातनं जोतिबाला न्या म्हणून?"