दुसऱ्या खेळाडूचं नाव

देऊळघाटच्या इंद्रभान गुरुजींनी टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवर आयुष्यातला पहिला खेळ तयार केला. दोन फळ्या, एक चेंडू, दोघांनी खेळायचा. सुरुवातीलाच तो दोन्ही खेळाडूंची नावं विचारायचा. बायको कौशल्या स्वतःचं नाव टाकून थांबली.

"तुमचं नाव मी कशी टाकू? नवऱ्याचं नाव घेतेत काय कुठं?"

"कोरं सोड. मी पाहतो त्याचं," गुरुजी हसून म्हणाले.

त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: दुसरं नाव कोरं राहिलं, तर कॉम्प्युटरनंच 'इंद्रभान' लिहायचं.

कित्येक वर्षं दोघं असंच खेळले. मग गुरुजी गेले, त्यांची तेरवी झाली. पाहुणे गेल्यावर कौशल्यानं एकटीनं खेळ लावला, अन् सवयीनं दुसरं नाव कोरं सोडलं.



पडद्यावर त्यांचं नाव आलं, चेंडू त्यांच्याकडे गेला, अन् त्यांची फळी जागची हलली नाही.