सातवा पाइप

अमेरिकेतल्या बफेलो शहरात भाड्याच्या घरात बर्नाडेट तान्ह्या मुलीला घेऊन नुकतीच राहायला आली होती. बाहेर बर्फ साचला होता आणि घर तापवणाऱ्या वाफेच्या पाइपांतून दिवसभर ठकठक चालायची. मुलगी दचकून रडायची. शेवटी तिने म्हाताऱ्या कॅझिमिरला बोलावलं. चाळीस वर्षं तो असलेच जुने बॉयलर दुरुस्त करत आला होता.

"पाइपात पाणी साचलंय, पोरी. भुतं काही दिवसभर ठोकत बसत नाहीत," असं म्हणत तो तळघरात उतरला.

त्याने बॉयलरमधून निघणारे पाइप मोजले. सात भरले. घरात खोल्या तापवणारे रेडिएटर मात्र सहाच होते. सातवा पाइप विटांच्या भिंतीत शिरला होता, आणि आवाज त्याच्यातूनच येत होता.

"भिंतीपलीकडे काय आहे गं?"

"काही नाही. नुसती माती, वर अंगण," जिन्यावरून बर्नाडेट म्हणाली.

"मग वाफ फुकट चाललीये." त्याने त्या पाइपचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला.

ठकठक थांबली. "सुटले बाई!" बर्नाडेट हसली.

पाइप हळूहळू गार पडला. आणि भिंतीतून पुन्हा ठोके सुरू झाले, पण आता घाईघाईने, मुठींनी दार बडवावं तसे.

"तुम्ही बंद केलंत ना?"

कॅझिमिरने पटकन व्हॉल्व्ह उघडला. वाफ सळसळत आत गेली, तसे ठोके मंदावले.

मग विटांमागून, त्याच्या अगदी कानाशी, एक बाई हळूच म्हणाली, "अजून थोडी वाफ सोडा. इथे आम्ही खूप जणं आहोत."