घरातली केस

आई गेल्याचं केतकीने सांगताच मॅडमचा चेहरा उजळला. “म्हणजे प्रोजेक्टसाठी केस घरातच आहे की तुझ्या!” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

केतकीला, माझ्या मुलीला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र घ्यायचं होतं. तो विषय शिकवणाऱ्या या मॅडमच्या सहीशिवाय ते मिळत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे आलो होतो.

“लवकर मुलाखत घे यांची. माणूस एकदा सावरला की काही हाती लागत नाही. रडता का हो तुम्ही?” चहात बिस्किट बुडवत त्यांनी मला विचारलं. तोंडात आलेली शिवी मी गिळली. सही व्हायची होती.

केतकी म्हणाली, “बाबा नकोत, मॅडम. दुसरी केस आहे, आपल्याच वर्गातली. आईच्या दहाव्याला ती घरी थांबली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कारणही न विचारता तिला तासभर उभं केलंत.”

“कोण गं ती?”

“मीच.”

केतकीने फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. “इथे सही करा, मॅडम.”

त्यांनी सही केली, पण मान काही वर केली नाही.