कायमचा परतला

हेमंताची तऱ्हाच निराळी. बाप गेला तेव्हा लंडनहून यायला रजा मिळाली नाही, आणि आता म्हणे नोकरी सोडून कायमचा खडकीला आला. माझ्यासाठी, आपल्या आईसाठी आला, असं मी साऱ्या गल्लीत मिरवलं.

काल त्याचा एजंट एक कागद घेऊन आला. वाचून दाखवल्याशिवाय मी सही करत नाही.

"आजी, गाडीचा मालक कायमचा घरी परतला, तरच त्याची तिथली जुनी स्पोर्ट्स कार इकडे आणता येते. मुलगा आता तुमच्याकडेच राहणार, एवढंच लिहिलंय. दोन वर्षं गाडी विकता येत नाही, तेवढी काढली की साहेब पुन्हा लंडनला जायला मोकळे!"

हेमंता म्हणाला, "आई, कर ना सही."

 

"खोट्या कागदावर मी सही करत नसते, हेमंता. या घरी कुणीही परत आलेलं नाही."