ताईचा कॉम्प्युटर

रेवतीताईने घरच्यांना न विचारता लग्न केलं, तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या घरात बाबांनी तिचं नाव काढणं बंद केलं. तिचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. मी त्यावर लिनक्स टाकून घरच्या वायफायसाठी फायरवॉल बनवला.

"नको त्या साइट अडवता येतात ना यात?" बाबांनी विचारलं. "मग तिच्या लेकीच्या फोटोंची ती वेबसाइट आधी अडव. तुझी आई बघत बसते."

आई पोळ्या लाटत राहिली. मी अडवली.

आठवड्याने फायरवॉलचा लॉग उघडला, कोणी काय उघडलं त्याची नोंद. ती वेबसाइट उघडायचा प्रयत्न एकोणचाळीस वेळा झाला होता. सगळे बाबांच्या टॅबलेटवरून.

"नीट चालतंय ना रे ते?" बाबांनी विचारलं.


"एकदम झकास, बाबा," मी म्हटलं आणि लॉग बंद केला.