केशरी मणी

“वहिनी, एवढा मोठा गळ? सॅल्मन धरायचाय की देवमासा?” डब्यात हात घालून गंधार कुरकुरला.

“शिसंही जड लावा, भाऊजी. तळाला टेकायला हवं,” विभावरी म्हणाली.

जानेवारीत तिचा नवरा रवींद्र याच राकाया नदीत मासे धरताना वाहून गेला. आठ दिवस शोधून पोलिसांनी शोध थांबवला. तेव्हापासून दर शनिवारी दीर-भावजय क्राइस्टचर्चहून इथं येतात. लोकांना सांगतात, रवींद्रचा छंद चालू ठेवलाय. एकमेकांनाही तेच सांगतात.

“गळाच्या वर मणी कुठला ओवू? हिरवा?”

“पाणी राखाडी आहे. केशरी लावा, लांबून दिसेल.”

कुणाला दिसेल, हे गंधारने विचारलं नाही. त्याने प्रवाहाच्या वरच्या अंगाला गळ टाकला. शिसं तळाच्या गोट्यांवर टकटक करत खाली वाहत गेलं आणि एका जागी थांबलं. गंधारने रॉड उचलला. सॅल्मन लागला की हात हिसडून काढतो. इथे एकही हिसका नव्हता. नुसतंच जड, आणि ओढलं की थोडं थोडं जवळ येत होतं.

“ओंडका असेल,” तो घाईने म्हणाला. “दोर कापतो.”

विभावरी चपलांसकट गुडघाभर पाण्यात उतरली. ताणलेला दोर तिने दोन बोटांत हलकेच धरला, नाडी बघावी तसा.

“कापू नका, भाऊजी. सावकाश ओढा. यांना लागेल.”