बर्फाच्या कारखान्यापाशी

"लेकीला घेऊन एकदा जरी वाट चुकलीस, तर तुझं शिक्षण बंद. परत येमेनला," नवऱ्याने निघतानाच बजावलं होतं. आज अम्मानमध्ये मी चुकलेच, आणि नेमका त्याचाच फोन. "अरवाची आई, कुठे आहेस?"

फोनवर हात ठेवून मी फलाफलवाल्याला विचारलं. "बर्फाच्या कारखान्यापाशी उभी आहेस की, पोरी!" कारखान्याचा कुठे मागमूस नव्हता. अम्मानकर पत्ता सांगतात तो पाडलेल्या इमारतींचाच.

"बर्फाच्या कारखान्यापाशी आहे," मी ठणकावलं. "चुकायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बरं बाई! आता सरळ घरी जा."



फोन पिशवीत टाकला, अरवाला कडेवर घट्ट धरलं आणि टेकडीवर चढणारा रस्त्यातला जो जिना कुठे जातो ते ठाऊक नव्हतं, तोच चढायला लागले.